'येऊ नका' सांगणारी पत्रिका

लग्नपत्रिका कशी लिहितात ते मला विचारा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका छपाईच्या दुकानात मी सव्वीस वर्षं मराठी पत्रिका लिहिल्या. दुकानाचे मालक सिंधी, गिऱ्हाईक सगळ्या जातीपातींचं, आणि मराठीचा माणूस मी एकटा. दुकानात मजकुराला मॅटर म्हणतात. शेठ मला मास्तर म्हणत. कुणी काही वेगळं लिहून मागितलं की माझ्याकडे न बघताच ते सांगून टाकत, "अरे साईं, टेन्शन काहे को? मास्तर के पास सब मॅटर रेडी है." ते खरंच होतं. चार प्रकारचे मॅटर तयार असत. नावं बदलली की काम झालं.

पत्रिकेत लिहिणं असं फारसं नसतंच. असते ती नावांची मांडामांड. थोरले काका आधी, की मोठ्या हुद्द्यावरचे धाकटे काका आधी? आत्याचे यजमान निमंत्रकांत घ्यायचे, की खाली नम्र मंडळींत? यावरून माझ्या टेबलासमोर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत. एकदा माझ्या हातून एक नाव सुटलं, तर ते गृहस्थ लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि भरल्या पंगतीतून पाणीही न पिता निघून गेले. तेव्हापासून मी दोन गोष्टी पक्क्या करून टाकल्या. कुणाला गाळायचं नाही आणि कुणाबद्दल काही बोलायचं नाही. नुसती नावं लिहायची, आदराने, ओळीने.

त्याआधी मी कथा लिहीत असे. एक कथा दिवाळी अंकात छापूनही आली होती. बायकोने तो अंक शोकेसमध्ये, पाहुण्यांना दिसेल असा उभा करून ठेवला होता. पुढे एक कादंबरी सुरू केली, ती सत्तर पानांवर जाऊन बसली ती बसलीच. कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असे. सकाळी बदलापूरहून निघायचं, दिवसभर दुसऱ्यांची लग्नं लावायची, संध्याकाळी परत यायचं. वेळ कुठाय? हे मी इतक्या तावातावाने सांगत असे की समोरच्याला माझी दया येई. मलाही माझी येई.

मग कोरोना आला आणि वेळ नाही हे कारण सरकारनेच माझ्याकडून काढून घेतलं. दुकान बंद, लग्नं पुढे ढकललेली, कुळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि बायको. सांगायला लाज वाटते, पण मला आतून बरं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी टेबल खिडकीशी ओढलं, सत्तर पानं काढली, पेन उघडलं आणि बसलो. असा वीस दिवस बसलो. एक ओळ आली नाही. आली ती मीच खोडली. तेव्हा पहिल्यांदा शंका आली. मी लिहू शकत होतो पण वेळ नव्हता, की मला लिहिताच येत नव्हतं आणि दुकानाने ते झाकून ठेवलं होतं? याचं उत्तर मिळेपर्यंत मी माणसासारखा वागलो नाही. कुकरच्या शिट्टीवर ओरडायचो, बातम्यांवर ओरडायचो. बायको म्हणाली, "व्हायरसनं नाही, तुमच्या तोंडानं मरायची मी."

तिनेच मग कपाटाच्या वरच्या खणातून डायऱ्यांचा गठ्ठा काढला. माझा मेहुणा अंबरनाथच्या एका कारखान्यात आहे. दर वर्षी कंपनीची एक डायरी आणून देतो आणि दर वर्षी ती तशीच कोरी राहते. "मोठं काही लिहू नका," बायको म्हणाली. "आज काय झालं, तेवढं लिहा. कुणाला दाखवायचं नाही."

पहिल्या दिवशी मी काय लिहिलं ते माझ्याकडे अजून आहे. 'आज रोजी सकाळी ठीक सात वाजता श्रीकृपेकरून चहा घेतला. तदनंतर सौभाग्यवतींसह उपमा सेवन करण्याचे योजिले आहे.' मी गंमत करत नव्हतो. हातातून आपोआप तेच उतरलं. दाखवायचं नाही म्हणणाऱ्या बायकोनेच ते दुपारी चोरून वाचलं आणि हसता हसता मोरीच्या कट्ट्यावर टेकली. "उपम्याला यायचं हं," म्हणत दिवसभर माझ्यामागे लागली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप डायरी उघडली आणि त्या पानावरचे पत्रिकेत शोभतील असे सगळे शब्द खोडायला बसलो. शुभ, मंगल, कृपा, सोहळा, आनंद, योजिले, करावे ही विनंती. खोडून झाल्यावर उरला चहा आणि उपमा. वाईट वाटलं. पण चहा आणि उपमा खरे होते.

जूनमध्ये सकाळी फिरायला परवानगी मिळाली आणि मी बारवी धरणाच्या रस्त्याने चालायला लागलो. घर सुटलं की अर्ध्या तासात इमारती संपतात. रस्त्याच्या कडेने आमच्याच नळांना पाणी पुरवणारी पाइपलाइन धरणाकडून येते, तिच्यासोबत चालत राहायचं. मी नियम केला. रोज जायचं आणि घरी येऊन पाहिलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. नाव नाही, विशेषण नाही, दिसलं तेवढं. पाइपच्या जोडावर गळतं तिथे कावळा आंघोळ करत होता. पेरलेल्या रोपावर पाखरं बसू नयेत म्हणून कुणीतरी कॅसेटमधली फीत ताणून बांधली होती आणि ती वाऱ्याने गुणगुणत होती. एक बाई मास्क हनुवटीवर घेऊन बैलाशी बोलत होती आणि मी दिसताच तिने तो आधी नाकावर चढवला, मग पुढे बोलली. यात काही विशेष नाही, मला कळतं. पण सव्वीस वर्षांत माझ्या हातून कावळ्याने आंघोळ केली नव्हती. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि दिवसभर छाती पुढे काढून वावरलो.

तासाभराच्या चालीवर एक भातशेतीचं गाव लागतं. तिथे तेव्हा बाभळीच्या फांद्या रस्त्यात आडव्या टाकून गावबंदी केली होती. बाहेरच्याने आत यायचं नाही. मी फांद्यांच्या अलीकडे उभा राहून डायरीत टिपायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेतातून एक बाई विळा घेऊनच तरातरा आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज खणखणीत.

"ओ दादा! रोज रोज उबं रव्हून काय लिवताव? मोजनीवाले का तुमी? आमाला जमीन इकाची नाय. सांगून ठेवतंय."

बदलापुरात शेताच्या बांधावर कागद-पेन घेऊन उभा राहिलेला माणूस एकतर मोजणीचा असतो नाहीतर बिल्डरचा. तिसरा प्रकार त्या बाईंनी पाहिलेला नव्हता. मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो ताई, मी आपला लिहितो."

"काय लिवताव?"

"हेच. तुमची शेतं, तुमची रोपं."

"कशाला?"

मी डायरी उघडून कावळ्याची ओळ वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "कावला एकटा नाय येत. दोन येतान. एक पाइपाव, एक तारंव. दुसरा बगा उद्या." दुसऱ्या दिवशी बघितलं. दुसरा कावळा तारेवर होता. इतके दिवस मी त्याच्याखालून जात होतो.

तेव्हापासून त्या माझ्या पहिल्या वाचक झाल्या. दुकानातल्या पत्रिकांचंही मी त्यांना सांगून टाकलं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली, भात पोटरीला आलं, गणपती झाले, तशा बाभळीच्या फांद्या विरळ झाल्या आणि मला मास्क लावून गावातून जायची मुभा मिळाली. लोकल अजून आमच्यासारख्यांना बंद होती, त्यामुळे कॅम्प दोनला जाणं नव्हतंच. मी चालत होतो आणि लिहीत होतो. तीन गोष्टींच्या दहा झाल्या, ओळींची पानं झाली. आत कुणाच्या घरात जायचं नाही, म्हणून मी फक्त दारं पाहायचो. कुठल्या दारात जांभूळ आहे, कुठल्या ओट्यावर वरवंटा पडलेला असतो, कुठे कुडाच्या भिंतीला निळा रंग आहे. भात कापून झालं आणि लोकांनी त्याच ओलीवर वाल टाकले, तोवर मला गावातलं दार अन् दार पाठ झालं होतं. माणसांची नावं मात्र मी एकाचंही विचारलं नव्हतं. नावं लिहून माझं पोट भरलं होतं.

दिवाळी झाल्यावर त्या ताई वालाच्या वाफ्यातून सरळ माझ्याकडेच आल्या. "दादा, पोरीचा लगीन धरलाय."

मी अभिनंदन केलं. त्या काही खूश दिसेनात. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती. नवऱ्या मुलाकडची पंचवीस धरली तर ताईंच्या वाट्याला पंचवीस. त्यांच्या यजमानांना तीन भाऊ, चार बहिणी आणि वर सगळं गाव. त्यांच्याकडे हळदीलाच अख्खं गाव जेवतं, लग्नाचं तर बोलायलाच नको. शेजारच्या गावात त्यांच्या नणंदेने मुलाचं लग्न असंच उरकलं होतं आणि भावकीला मोबाइलवर मेसेज पाठवला होता. तेव्हापासून तिचे दोन्ही दीर तिच्या ओट्यावर चढत नव्हते. "लोकांना येव नुको कसा सांगाचा?" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी पत्रिकांचाच काम करताव ना? मंग द्या लिवून."

मी म्हणालो, त्यात काय, आत्ता देतो. उभ्या उभ्या दहा मिनिटांत लिहिलं. 'कोरोनाच्या पार्श्वभूमीवर शासकीय नियमांचे पालन करून विवाह सोहळा घरगुती स्वरूपात संपन्न होत आहे. तरी आपण घरूनच शुभाशीर्वाद द्यावेत ही नम्र विनंती.' सुबक. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. ताईंनी ऐकलं आणि मान हलवली.

"ह्याच तर पाठवला होता नंदंनं."

मी लिहिलेलं पुन्हा वाचायला लागलो.

"तुमी रोज वहीत लिवताव तसा नाय येत का?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पत्रिकेच्या मजकुरावरून मला कुणी बोलायचं म्हणजे काय? रागारागात अर्धा रस्ता चाललो आणि मग पाइपलाइनच्या एका खांबाला टेकलो. बाई खरं बोलल्या होत्या. माझ्याकडे दोन हात होते, दुकानातला आणि वहीतला, आणि गरज पडल्याबरोबर मी दुकानातला पुढे केला होता. आता हे पत्र वहीतल्या हाताने जमलं नाही, तर सहा महिन्यांचं चालणं हा नुसता व्यायाम झाला, आणि वर ताईंच्या भावकीत कायमचं वाकडं. मी मागे फिरलो. ताईंना म्हणालो, "तुमच्या मुलीचं लहानपण सांगा. कुठल्या दारात काय काय झालं ते सांगा."

त्या बांधावर बसल्या आणि दुपारपर्यंत बोलल्या. मी सहा हात लांब बसून लिहून घेतलं. घरी येऊन चार दिवस तेच केलं. खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. नावांच्या क्रमाचं भांडण टाळायला मी एक युक्ती केली आणि तिच्यावर बेहद्द खूश झालो. एकाही माणसाचं नाव घालायचंच नाही. सगळ्यांना त्यांच्या दारावरून हाक मारायची. पत्र असं झालं:

'आमच्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही सगळे यावं असं वाटतं आणि तुम्ही येऊ नका असं सांगायची वेळ आली आहे. ही मुलगी एका घरात वाढलेली नाही. विहिरीजवळच्या दारात ती पहिल्यांदा पडली. जांभळाच्या दारात तिने पाटी फोडली आणि मार चुकवायला निळ्या कुडामागे लपली. गावात शिरताना जी पहिली पायरी लागते, तिच्यावर बसून तिने रोज संध्याकाळी भाकरी खाल्ली. एवढी दारं एका मांडवात मावत नाहीत. म्हणून आम्ही मांडव लहान घातलेला नाही, तो तुमच्या दारापर्यंत आहे. नव्या भाताच्या अक्षता आदल्या दिवशी घरोघरी पोचतील. भोंग्यावर मंगलाष्टकं ऐकू येतील. आपापल्या दारात उभे राहा, आमच्या घराकडे तोंड करा आणि टाका. मुलीला आम्ही सांगून ठेवलं आहे की गाव आलेलं आहे.'

मी ते बांधावर वाचून दाखवलं. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. त्यांचे यजमान, एरवी माझ्याशी एक शब्द न बोलणारे, म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. मला कुणी राज्य दिलं असतं तरी मी त्या बांधावरून उठलो नसतो.

पत्र मोबाइलवरून गावभर गेलं, मग शेजारच्या गावांत गेलं. आठवड्याने शेठचा फोन आला. कुठून फिरत फिरत त्यांच्यापर्यंतही ते पोचलं होतं. "मास्तर, ये किसका मॅटर है? अपने को भी रखना चाहिए." मी म्हणालो, "शेठ, ये मेरा है, और ये दुसरी शादी में नहीं चलेगा." शेठना असं उत्तर मी सव्वीस वर्षांत दिलं नव्हतं. ते हसले. "अच्छा लिखा है, साईं," म्हणाले.

ताईंनी पन्नासांत माझं नाव घातलं होतं. मी म्हटलं, ती जागा दिराला द्या. लग्नाच्या सकाळी मी नेहमीसारखा चालत निघालो आणि मुहूर्ताच्या थोडं आधी गावाच्या तोंडाशी पोचलो. सगळ्या दारांत माणसं उभी होती. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, मुठी मिटलेल्या. मला उभं राहायला दार नव्हतं. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटे उभे होते. त्यांनी मला हाक मारली.

"रस्त्याव काय उबं? या आमचे दारान." त्यांनी माझ्या हातावर चिमूटभर अक्षता घातल्या. "पत्र वाचलाव का? आमची पायरी हाय त्यान."

"मीच लिहिलं ते," मी म्हणालो. आवाजात ऐट होती. ती लपवावी असंही मला वाटलं नाही.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लिवला? चांगला लिवलाव. पन पायरीव बसून भाकर खाल्ली लिवलाव, ती भाकर देत कोन व्हता?"

मला माहीत होतं. ताईंनी बांधावर सांगितलं होतं. 'त्या घरची म्हातारी द्यायची, रोज, हाताने कालवून.' मीच ते गाळलं होतं. माणसं गाळली की भांडण नाही, या माझ्या हुशारीत ती म्हातारी गेली होती.

"भादव्यात गेली," ते म्हणाले. "तवा पन कोनाला येव दिला नाय. चार मानसा व्हती. तिचा काय कोनी पत्र नाय लिवला."

तेवढ्यात भोंग्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. आम्ही दोघांनी लग्नघराकडे तोंड केलं. प्रत्येक कडव्याला गावभरच्या दारांतून हात वर जात होते आणि तांदूळ रस्त्यावर पडत होते. शेवटचं 'सावधान' झालं, ताशा वाजला, कोंबड्या धावल्या. मला आनंद झाला होता आणि भयंकर शरमही वाटत होती. मी त्याच पायरीवर बसलो, डायरी उघडली आणि म्हणालो, "काका, सांगा. आज मला घाई नाही."

ते सांगत गेले. ती भाकरी कशी थापायची, जाड, कडा फुटलेली. पोरांना शिव्या देत वाढायची आणि वाढताना जास्त वाढायची. मी लिहीत गेलो. पत्रिकेतला एकही शब्द खोडावा लागला नाही, कारण एकही आला नाही. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं तेव्हा चार पानं झाली होती. मी ती सावकाश वाचून दाखवली. काका भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मी थांबलो तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अशीच व्हती," ते म्हणाले.